आईच्या गळ्याकडे पाहायचं राहून गेलं

बाबा गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकू तर म्हणाल्या होत्या, "आता कोण बघतं हो हे सगळं? राहू द्या गळ्यात. इतक्या वर्षांची सवय असते." मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा ती पलंगावर पाठमोरी बसली होती आणि दोन्ही हात मानेमागे नेऊन आकडा शोधत होती. तो सापडायला वेळ लागत होता. मी पुढे होऊन काढून द्यायला हवा होता. मी दारातच थांबले आणि मग परत आत गेले.

त्या दिवसानंतर आम्ही सगळे, म्हणजे मी, मामा, काकू, भेटायला येणारे नातेवाईक, कुणीही न ठरवता एक गोष्ट पाळू लागलो. आईशी बोलताना तिच्या गळ्याकडे पाहायचं नाही. डोळ्यांकडे पाहायचं, हातांकडे पाहायचं, नाहीतर तिच्यामागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. काळे मणी होते तिथे कातडीवर एक फिकट रेघ राहिली होती. त्या रेघेकडे नजर गेली की आपण आईचं काहीतरी खासगी पाहिलं असं वाटायचं. आईनेही पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणून गळ्याभोवती घ्यायला सुरुवात केली. आम्हाला ते बरंच वाटलं.

हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या न पाहण्यामुळे झालं.

आम्ही चिखलोलीला राहतो, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातलं जुनं घर सोडून आम्ही इथे आलो. इमारत नवी, वारा भरपूर, आजूबाजूला अजून थोडं गवत उरलेलं. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न केलं नाही. घरात आम्ही तिघं होतो, मग दोघी उरलो.

बाबा मेमध्ये गेले. सकाळी नाश्ता झाला, दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळी संपलं. आई दोन दिवस खूप रडली आणि मग थांबली. तेराव्याला ती खुर्चीत बसून होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "बसा. चहा घ्या." मामाने मुरबाडहून दुखवट्याची साडी आणली होती. माहेरच्यांनी त्या दिवशी साडी द्यायची, वर्ष सरलं की बाईने ती नेसायची आणि दुखवटा संपवायचा, अशी आमच्याकडे पद्धत. राखाडी रंगाची, बारीक जांभळ्या काठाची सुती साडी. आईने तिच्यावर एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे." मग माझ्याकडे दिली. ठेव म्हणायलाही ती विसरली.

पावसाळा गेला, दिवाळी न करता गेली. आई हळू होत गेली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. ती दुःखी झाली, खचली, असं तेव्हा सगळे म्हणत होते, पण जे दिसत होतं ते हळू होणंच होतं. तीन पोळ्या करायला तिला अर्धा तास लागायचा. भेंडीची एक फोड कापायची, सुरी तशीच धरून बसायची, मग दुसरी. मी काही विचारलं की उत्तर यायचं, पण दूरच्या खोलीतून चालत आल्यासारखं. आवाज जाड झाला होता, घोगरा. फोनवर मामाने एकदा विचारलं, "कोण बोलतंय?" आई म्हणाली, "मीच." त्याने नंतर मला वेगळा फोन केला आणि म्हणाला, "ताईने रडून रडून आवाज घालवलाय गं." मी म्हटलं, हो.

सकाळी तिचं तोंड सुजलेलं असायचं, डोळ्यांखाली पिशव्या. मला वाटायचं, रात्री रडते, मला कळू देत नाही. फणीत केसांचे पुंजके निघायचे. पायाच्या नडग्या कोरड्या पडून पांढऱ्या झाल्या होत्या, तेल लावलं तरी संध्याकाळी पुन्हा तशाच. जेवण चिमणीएवढं, तरी अंग भरत चाललं होतं. पोट साफ होत नाही म्हणून रोज इसबगोल. मार्च-एप्रिलमध्ये, बदलापूरच्या त्या उकाड्यात, ती स्वेटर घालून बसायची आणि पंखा बंद करायला लावायची. काकू एकदा पदराने वारा घेत म्हणाल्या, "अहो, भट्टीत बसल्यासारखं होतंय. तुम्हाला थंडी कशी वाजते?"

"वाजते खरी," आई म्हणाली.

काकू खाली उतरताना जिन्यात मला म्हणाल्या, "त्यांनी नेम केला असेल गं काहीतरी. पंखा सोडला असेल वर्षभर. आमच्या आत्याबाईंनी गादी सोडली होती. विचारू नकोस, नाहीतर मोडतो नेम."

मी विचारलं नाही.

यात माझा दोष इतरांपेक्षा जास्त होता. काकूंना जे माहीत होतं त्यावरून त्यांनी अर्थ लावला. मी तर वाचून लावत होते. ग्रंथालयातून शोकावरची पुस्तकं घरी आणली होती. मानसशास्त्राची, आठवणींची, एक-दोन समुपदेशनाची. कॉलेजमधून आल्यावर ती वाचायची आणि आईकडे पाहायचं. पुस्तकात होतं, भूक मंदावते. आईची मंदावली होती. पुस्तकात होतं, विसर पडतो, थकवा येतो, कशातच मन लागत नाही. सगळं जुळत होतं. मला त्यात एक समाधानही मिळायचं, हे आता कबूल करते. आपली आई इतकं खरं, इतकं खोल दुःख करते आहे आणि आपण ते समजू शकतो आहोत. मी तिच्या दुःखाचा मान राखत होते. हळू बोलायचे, घाई करायचे नाही, दूध उतू गेलं तर न बोलता गॅस पुसून घ्यायचे. एकदा म्हटलं, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"वर्ष होऊ दे," ती म्हणाली.

चष्म्याचा नंबर वर्ष झाल्यावर. दाढ दुखते, वर्ष झाल्यावर. मी ते वाक्य पण मानाने घेतलं आणि गप्प बसले.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले तेव्हा दुखवट्याच्या साडीवरच्या ब्लाउजची आठवण झाली. आईचे जुने ब्लाउज तिला होत नव्हते. सहा महिने ती सैल अंगरख्यासारखं काहीतरी घालत होती. काकू म्हणाल्या, इथे जवळच कुळगावात चांगला टेलर आहे. पण आई त्या दिवशी कित्येक महिन्यांनी काहीतरी ठरवून बोलली, "चार नंबरचे मास्टरच शिवतील." म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही रिक्षाने उल्हासनगरला गेलो.

मास्टर म्हणजे आमच्या जुन्या घराजवळचे सिंधी टेलर. आईचे तीस वर्षांचे ब्लाउज त्यांनी शिवलेले. माझे शाळेचे फ्रॉकसुद्धा. आता सत्तरीचे असतील. दुकान तेच, एका माणसाच्या रुंदीचं, आत दोन मशीन आणि भिंतीला टेकवलेलं बाक. बहिणीला सिंधीत अदी म्हणतात, तसं ते आईला पहिल्यापासून अदी म्हणायचे. त्यांची मराठी तीस वर्षांत अर्धी आमची आणि अर्धी त्यांची झाली होती.

आई पायरीवर पाय ठेवून थांबली. एक पायरी, आणि तिला दम लागला. मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अदी, आलीस? मला वाटला, बदलापूरला जाऊन मास्टरला डिव्होर्स दिला."

आई थोडी हसली. "चिखलोली. बदलापूर नाही."

"एकच आहे. तिकडे सगळा एकच आहे." मग त्यांचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं आणि ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "साहेबांचा मला कळला होता. मी यायला पाहिजे होता. गुडघ्यामुळे नाही आलो. माफ कर."

"असू दे," आई म्हणाली.

मी पिशवीतून साडी आणि कापड काढून दिलं. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं. "कसा शिवायचा? नेहमीसारखा?"

"गळा बंद कर," आई म्हणाली. "कॉलरसारखा. वरपर्यंत."

"मे महिन्यात? अदी, घामोळं येईल."

"येऊ दे. मोकळा नको."

मोकळा का नको, हे मास्टरांना कळलं असावं. त्यांनी मापाची जुनी वही काढली, पान उघडलं आणि टेप घेतली. खांदे, छाती, दंड. प्रत्येक आकडा लिहिताना ते तोंडातल्या तोंडात "अच्छा" म्हणत होते. नेहमीच्या ब्लाउजला गळ्याचा घेर लागत नाही. पुढचा गळा किती खोल, मागचा किती, एवढंच लागतं. पण बंद गळ्याला मान मोजावी लागते. ते म्हणाले, "पदर बाजूला घे."

आईने पदर काढला. मी सवयीने बाकावरच्या कापडांच्या गठ्ठ्याकडे पाहू लागले.

बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी वळले. मास्टर टेप हातात धरून उभे होते आणि आईच्या गळ्याकडे बघत होते. उघड, सरळ, कापडातला दोष शोधताना बघावं तसं. त्यांच्या धंद्यात बघितल्याशिवाय काम होत नाही. मला त्यांचा राग आला.

"अदी, जरा पाणी पी," ते म्हणाले आणि स्वतःची बाटली पुढे केली.

"मला तहान नाही."

"एक घोट. माझ्यासाठी."

आईने घोट घेतला. ते वाकून बघत राहिले. "अजून एक." तिने आणखी एक घेतला. मग त्यांनी मला हाताने बोलावलं. "बेटा, इकडे ये. इथे बघ. गिळते तेव्हा बघ."

आणि मी अकरा-बारा महिन्यांनी आईच्या गळ्याकडे पाहिलं. मण्यांची रेघ केव्हाच पुसली होती. जिथे खळगा असायचा तिथे, दोन्ही बाजूंना, मऊ फुगवटा होता. आई गिळायची तेव्हा तो वर जाऊन खाली यायचा. लपलेला नव्हता. लांबूनही दिसला असता.

"माझ्या घरवालीला असाच होता," मास्टर म्हणाले. "डॉक्टरने पाणी पाजूनच बघितला होता. थायरॉइड. ती पण अशीच झाली होती, हळू हळू. बोलायला लागली तर मी अर्धी शिलाई मारून घ्यायचा तोपर्यंत." ते हसले नाहीत. "थंडी वाजते का गं अदी?"

"वाजते," आई म्हणाली.

त्यांनी टेप स्वतःच्या गळ्यात टाकली, कापडाची घडी घातली, साडी त्यावर ठेवली आणि दोन्ही माझ्या पिशवीत परत टाकलं.

"मी आज नाय शिवणार."

"वर्षश्राद्ध आहे हो मास्टर," मी म्हणाले. "तीन आठवड्यांवर."

"त्या दिवशी दुसरा काही घाल तिला. दवा चालू झाली तर माप बदलणार. दंड बदलणार, छाती बदलणार. मी आत्ता कापला तर कापड फुकट." मग माझ्याकडे बघून, आईला ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाले, "बेटा, तू एवढी शिकलेली. पहिला डॉक्टर, मग मास्टर."

रिक्षात आई माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती. मी तिचा हात धरला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिचा हात गार होता. हा हात मी वर्षभरात किती वेळा धरला असेन, आणि गार लागला की मला वाटायचं, एकटी पडली आहे बिचारी. बाबांमागोमाग आईही माझ्या डोळ्यांसमोर जाते आहे आणि मी शेजारी पुस्तक घेऊन बसले आहे, हे मला त्या रिक्षात पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. अंबरनाथच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, शांत, हाताने बोलणाऱ्या. त्यांनी आधी आईची नाडी धरली आणि खूप वेळ धरून ठेवली. मग मागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. भुवयांच्या टोकांकडे पाहिलं, तिथले केस विरळ झाले होते, तेही मला माहीत नव्हतं. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय परत जागेवर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं.

"किती दिवसांपासून हे सगळं?" त्यांनी विचारलं.

"बाबा गेल्यापासून," मी म्हणाले.

त्यांनी आईकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. डॉक्टरांनी तिला तो वेळ दिला. "आधीपासून," ती म्हणाली. "ते असतानाच. आवाज बसला होता. ते म्हणायचे, तुझा आवाज बदललाय, चल दाखवून येऊ. मी म्हटलं, सर्दी आहे. मग ते म्हणाले, पगारवाढ झाल्यासारखं वजन वाढतंय तुझं, सोमवारी जाऊच." ती थांबली. "त्या सोमवारी ते नव्हते."

डॉक्टर पॅडवर लिहायच्या थांबल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. घरात एक माणूस होतं ज्याने आईकडे नीट पाहिलं होतं आणि तिला डॉक्टरांकडे न्यायचा वारसुद्धा ठरवला होता. मी त्या माणसाच्या नावाने वर्षभर दुःख समजून घेत बसले होते.

रक्त तपासलं, गळ्याची सोनोग्राफी झाली. वाईट काही निघालं नाही. थायरॉइडची ग्रंथी सुजली होती आणि तिचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. ग्रंथीला कामाला लावणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाचा आकडा जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी पट वर होता. रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा मी डॉक्टरांना म्हणाले, "मला वाटलं, शोक आहे."

"शोकही असेल," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकत्र राहू शकतात. पण शोकाने माणूस एप्रिलमध्ये स्वेटर घालत नाही. शोकाने नाडी इतकी मंद होत नाही." मग जरा मऊपणे, "सगळे असंच करतात. बाळंत झाली म्हणून थकली, पाळी जातेय म्हणून चिडली, वय झालं म्हणून विसरली. कारण समोर दिसत असलं की दुसरं कुणी शोधत नाही. एवढंच करायचं, की काही आठवडे झाले तरी थकवा, थंडी, वजन, केस, पोट हे सगळं एकत्र चालू राहिलं, तर एक साधी रक्ततपासणी करून घ्यायची. शोक असला तर शोक कुठे जात नाही."

"आणि गळ्यावरचं?"

"गळ्यावर सूज दिसली तर वाट बघायचीच नाही. तीन-चार आठवडे बसलेला आवाज सुटला नाही तरी नाही. गिळताना अडकलं, श्वास कोंडला, तर त्याच दिवशी." त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "आईंचं आणखी दोन-चार महिने असंच राहिलं असतं, वर एखादा मोठा ताप आला असता, तर अंग गार पडून गुंगी आली असती. नीट उत्तर देईनाशा झाल्या असत्या. तसं कधी कुणाचं दिसलं तर दवाखाना नाही, सरळ हॉस्पिटल. घरचे बऱ्याचदा म्हणतात, झोपू दे, दमलीय."

मी तेच म्हटलं असतं. अगदी तेच शब्द.

गोळी चिमुकली होती, खसखशीच्या चार-पाच दाण्यांएवढी. आईने ती तळहातावर घेऊन पाहिली. "एवढीशी?" डॉक्टरांनी कमी ताकदीपासून सुरुवात केली, वय आणि हृदय सांभाळून. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याशी. मग अर्धा-पाऊण तास काही नाही. आईची कॅल्शियमची गोळी दुपारी, या गोळीपासून चार तास लांब. आमच्या घरात चहा उठल्या उठल्या होतो. पहिले आठ-दहा दिवस आई गोळी तोंडात टाकायची आणि पाण्याऐवजी चहाचा घोट घ्यायची. मी फोनवर सांगितल्यावर डॉक्टर म्हणाल्या, असं केलं तर अर्धी गोळी वायाच जाते. मग मी गोळीची बाटली पलंगाशेजारी ठेवली आणि चहाची पावडर वरच्या फळीवर, जिथे तिचा हात पोहोचत नाही.

वर्षश्राद्ध झालं. आईने दुखवट्याची साडी नेसली, खाली काकूंचा सैल ब्लाउज. मामाने तिच्याकडे पाहून मला बाजूला घेतलं, "अजून तशीच दिसते गं." मी सांगितलं, औषध सुरू केलंय, वेळ लागतो. तो म्हणाला, "कसलं औषध? नवरा गेल्यावर औषध?" मी त्याला तिच्या गळ्याकडे पाहायला सांगितलं. तो क्षणभर ओशाळला, मग त्याने पाहिलं. धाकटा भाऊ आहे तो तिचा. जेवताना तो तिच्या पानाशी बसला आणि ती उठेपर्यंत तिथून हलला नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, गोळी वाढवली. आणखी सहा आठवड्यांनी पुन्हा. मधल्या दिवसांत रोज काहीच दिसत नव्हतं. मला वाटायचं, उशीर झाला. आपण फार उशीर केला. मग एका रविवारी आई म्हणाली, "पंखा लाव गं. किती घुसमट." मी उठून पंखा लावला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. त्यानंतर गोष्टी एकेक करून परत आल्या. काकूंना तिने सांगितलं की तुमची आमटी अळणी होती. काकू मला म्हणाल्या, "बरी झाली बाई तुझी आई, आता टोमणे मारते." आवाज सर्वांत शेवटी आला. मधे मास्टरांकडे जाऊन ब्लाउजही शिवून झाला. माप खरंच बदललं होतं. आईने गळ्याचं काही सांगितलं नाही, त्यांनी नेहमीसारखा शिवला.

गोळी आता कायमची आहे. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आईला औषध सोडायला आवडतं हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे.

ऑगस्टमधली गोष्ट. मी कॉलेजमधून आले. आई जेवणाच्या टेबलाशी बसून शेंगा सोलत होती, भरभर. समोर बाबांचा फोटो, जो एरवी भिंतीवर असतो, पुसायला म्हणून काढून ठेवलेला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेराव्याला कोण कोण आलं होतं?"

"तू होतीस ना. सगळ्यांशी बोललीस."

"मी होते?" ती थांबली. "मला काही आठवत नाही. दहावा आठवत नाही. दिवाळी आठवत नाही. कुणीतरी दुसरंच राहत होतं गं या घरात. मला नुसती थंडी आठवते." शेंगा तिच्या हातात तशाच राहिल्या. "साडी कुणी आणली?"

"मामाने."

"तो रडला का?"

"रडला."

"आणि तू?"

मी पिशवी खाली ठेवत होते. ती ठेवायला मला बराच वेळ लागला. "मला वेळ नव्हता," मी म्हणाले.

आईने शेंगा बाजूला सारल्या आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यासारखं, वरपासून खालपर्यंत, मी शाळेतून भांडून आले की बघायची तसं. "किती वाळलीयेस," ती म्हणाली. "कुणी जेवायला घालत नव्हतं का तुला वर्षभर?" आणि मग तिचा चेहरा मोडला. ती बाबांसाठी रडली, आवाज काढून. तिचा स्वतःचा आवाज होता तो. मी तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि मलाही वेळ मिळाला. हात ऊबदार होता तिचा. पुस्तकांत वाचलेलं त्या वेळी मला काहीही आठवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"आता सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. त्या दिवशी सकाळपासून. काही गाळू नकोस."

मी आठवू लागले. "सकाळी बाबा लवकर उठले. पेपर आला नव्हता म्हणून दोनदा खाली जाऊन आले. मग तू पोहे केलेस..."

"पोहे नव्हते," आई म्हणाली. "उपमा होता. पोहे नकोत म्हणाले होते. पुढे सांग."